मंगळूर, कोझिकोड आणि आपली पठारं : विमान अपघातांची कारणं नेमकी कुठे सुरू होतात?

वास्कोकर

मंगळूर (२२ मे २०१०) आणि कोझिकोड (७ ऑगस्ट २०२०) या दोन अपघातांचे अहवाल शेजारी ठेवून वाचले की अंगावर काटा येतो. एकच कंपनी, बोईंग ७३७-८०० हेच विमान, दोन्ही दुबईहून आलेली. दोन्ही धावपट्ट्या पठारावरच्या. दोन्हीकडे विमान अर्ध्या पट्टीच्या आसपास किंवा त्याही पुढे टेकलं आणि पट्टी संपल्यावर खाली गेलं. मंगळूरला १५८ जीव गेले, कोझिकोडला २१.

आता आपल्या गोव्यातले दोन विमानतळ बघा. दाबोळी पठारावर, पश्चिम टोकाला उतार आणि पुढे समुद्र. मोपा तर पठारच, कडेने उतारच उतार. पाऊस त्याच जातीचा.

दोन प्रश्न आहेत. एक, गोव्यात तसंच घडू शकतं का? दोन, आपल्या देशातल्या बहुतेक अहवालांत शेवटी वैमानिकावर बोट ठेवलेलं असतं, तेवढं पुरेसं आहे का?

घातपात (कनिष्क विमानातला बाँब, १९८५) या धाग्यात नको. अहमदाबाद २०२५ बद्दल फक्त जाहीर झालेलंच लिहा, तर्क नकोत.

नॉट_आणि_फूट

पहिल्या प्रश्नापुरतं बोलतो.

विमान ३ अंशांच्या उतारावरून येतं, म्हणजे दर सागरी मैलाला साधारण ३०० फूट खाली. पट्टीच्या उंबरठ्यावर, म्हणजे ती सुरू होते तिथे, ते ५० फुटांवर असायला हवं. मंगळूरचं विमान तिथे २०० फुटांच्या आसपास होतं, वेगही १४४ ऐवजी १६० नॉटच्या (तासाला सागरी मैल) घरात. टेकलं ते ५,२०० फूट पुढे. पट्टी ८,०३३ फुटांची, म्हणजे उरले २,८०० फूट, ८५० मीटर.

तेच टचडाऊन दाबोळीच्या सुमारे ३,४०० मीटरच्या पट्टीवर झालं असतं तर १,८०० मीटर शिल्लक राहिले असते. मोपाची पट्टी ३,५०० मीटर. मंगळूरची २,४५०. हा हजार मीटरचा फरक लहान नाही.

पेडण्याची_अबोली

नॉट बाब, आकडे बरोबर, पण त्यातून निघणारा दिलासा मला मान्य नाही. १५० नॉट म्हणजे सेकंदाला ७७ मीटर. विमान पट्टीवर पाच सेकंद तरंगत राहिलं तर जवळपास ३८५ मीटर गेले. लांब पट्टीवर तरंगायला कुणी घाबरत नाही, हाच तिचा धोका. म्हणून नियम पट्टीच्या लांबीवर सोडलेला नाही. पहिल्या ३,००० फुटांत किंवा पहिल्या एक-तृतीयांशात, जे कमी असेल त्यात, चाकं टेकली पाहिजेत. टेकत नसतील तर वर जायचं, म्हणजे गो-अराउंड. पट्टी मोपाची असो नाहीतर मंगळूरची.

नॉट_आणि_फूट

नियमाबद्दल पूर्ण सहमत. मी फक्त चूक झाल्यावर हातात किती उरतं ते सांगितलं. चूक व्हावी असं कुणीच म्हणत नाही.

धावपट्टी२६

कोझिकोड जरा सविस्तर लिहितो, कारण गोव्याला तेच लागू पडतं.

पावसाळी पश्चिमेचा वारा, म्हणून पहिला प्रयत्न २८ नंबरच्या पट्टीवर, समोरून वारा घेत. कॅप्टनच्या बाजूचा वायपर चालता चालता बंद पडला. पट्टी दिसली नाही, गो-अराउंड केलं. इथपर्यंत सगळं शिस्तीत. मग दुसरा प्रयत्न उलट बाजूने, १० नंबरच्या पट्टीवर. आता तोच वारा पाठीमागून.

मागून येणारा वारा काय करतो? समजा विमानाचा हवेतला वेग १४४ नॉट. समोरून १५ नॉट वारा असेल तर जमिनीवरचा वेग १२९. मागून असेल तर १५९. ब्रेकना जिरवावी लागणारी ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे दीडपट. पट्टी तीच, पाऊस तोच, फक्त दिशा बदलली.

विमान टेकलं ४,४३८ फुटांवर. वापरायची पट्टी ८,८५८ फूट. म्हणजे निम्मी संपली होती. तपास अहवालाने मुख्य कारण हेच लिहिलं आहे : अस्थिर अप्रोच (उतरण्याआधीचा शेवटचा टप्पा) चालू ठेवला, टचडाऊन झोनच्या पुढे उतरवलं, सहवैमानिकाने ‘गो-अराउंड’ म्हटल्यावरही वर गेले नाहीत, आणि सहवैमानिकानेही ताबा घेतला नाही.

आता आपल्याकडची गोष्ट. पावसाळ्यात दाबोळीला २६ आणि मोपाला २८ ही सोयीची दिशा, वारा समोरून. उलट बाजूने, म्हणजे ०८ किंवा १० वर, भर पावसात उतरायची वेळ आली तर कोझिकोडची निम्मी परिस्थिती तयार होते. बहुतेक प्रवासी विमानांना मागच्या वाऱ्याची मर्यादा १० नॉट असते, काहींना १५. ओल्या पट्टीवर कंपन्या ती आणखी खाली आणतात. ही मर्यादा पाळली तर पुढचं सगळं टळतं.

तिस्क_फोंडा

ओल्या पट्टीवर टायर पाण्यावर तरंगतो त्याचा एक ढोबळ हिशेब आहे : टायरमधल्या हवेच्या दाबाचं (पीएसआय) वर्गमूळ गुणिले ९ = नॉट. २०० पीएसआय दाब असेल तर १२७ नॉट. म्हणजे टेकल्या क्षणी विमानाचा वेग त्याच्या वरच असतो. म्हणून पावसात अलगद, मऊसूत उतरवणं चुकीचं. चाकं ठाम आपटली पाहिजेत म्हणजे पाण्याची फिल्म फुटते, चाक फिरायला लागतं, स्पॉयलर (पंखाची उचल मारणाऱ्या फळ्या) उघडतात, अँटी-स्किड (चाक घसरू न देणारी ब्रेकची यंत्रणा) काम करू लागतं. ३ मिलिमीटरपेक्षा जास्त पाणी साचलं तर पट्टी नुसती ओली राहत नाही, तिचे आकडेच वेगळ्या तक्त्यातून काढावे लागतात.

प्रवासी टाळ्या वाजवतात मऊ लँडिंगला. पावसात दणका बसला तर समजावं की वैमानिकाने काम चोख केलं.

सांगेकर

चला, म्हणजे यापुढे दणका बसला की टाळ्या. शेजारचा प्रवासी घाबरला तर तिस्क बाबांचं नाव सांगेन.

कुडचडेकर

दणक्यावरून एक महत्त्वाचं. विमानातला रेकॉर्डर प्रत्येक लँडिंगचा ‘जी’ आकडा, म्हणजे दणक्याचा जोर, नोंदवतो. त्या आकड्यावर वैमानिकाला बोलावून झापायची पद्धत कंपनीत पडली, की वैमानिक नकळत लांब, मऊ उतरायला लागतात. दणक्याची नोंद होते म्हणून तो टाळायचा, लांब उतरल्याची झाडाझडती कमी होते म्हणून ते चालवून घ्यायचं. माझ्या मते दुसऱ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे आहे. काय मोजता आणि कशाची शिक्षा देता, त्यावर कॉकपिटमधली सवय घडते.

कोझिकोडच्या अहवालातली आणखी एक गोष्ट बातम्यांत फारशी आली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळच्या उड्डाणासाठी तिथे पुरेसे कॅप्टन नव्हते. त्यामुळे कसंही करून कोझिकोडलाच उतरायचं हा दबाव मनात होता, असं तपास म्हणतो, आणि कॅप्टन कमी असण्याचं खापर कंपनीच्या मनुष्यबळाच्या धोरणावर फोडतो. म्हणजे शेवटच्या दहा सेकंदांतल्या निर्णयाची मुळं ऑफिसातल्या ड्यूटीच्या तक्त्यात निघाली.

जुवारीपार

+१. मी याच्याही पुढे जातो. आपल्या मोठ्या अपघातांत जमिनीवरची व्यवस्था बघितल्याशिवाय चित्र पुरं होत नाही.

चरखी दादरी, १२ नोव्हेंबर १९९६. दिल्लीहून चढणारं सौदी ७४७ आणि उतरणारं कझाक इल्युशिन-७६ हवेत धडकले, ३४९ मृत्यू. जगातली सगळ्यात मोठी हवेतली टक्कर. सौदी विमानाला १४,००० फुटांची परवानगी, कझाकला १५,००० ची. कझाक विमान १५,००० सोडून खाली आलं. चूक त्यांची, वाद नाही. त्यांचा रेडिओ ऑपरेटर वेगळा बसायचा, कंट्रोलरने इंग्रजीत सांगितलेली उंची विमान चालवणाऱ्यापर्यंत त्याच्यामार्फत पोचायची.

पण कंट्रोलरच्या पडद्यावर काय होतं? प्राथमिक रडार. त्यावर ठिपका दिसतो, उंची दिसत नाही. दुसरी विमानं किती उंचीवर आहेत हे वैमानिक सांगतील तेच खरं मानायचं. उंची दाखवणारं दुय्यम रडार तेव्हा सुरू व्हायचं होतं. आणि येणारी-जाणारी विमानं एकाच पट्ट्यातून, समोरासमोर. न्या. लाहोटी चौकशीनंतर मार्ग वेगळे झाले, टक्कर टाळणारी यंत्रणा (टीकॅस) सक्तीची झाली.

आता मंगळूर. अपघाताच्या दोन दिवस आधी तिथलं दुय्यम रडार बंद पडलं होतं. म्हणून विमानाला खाली यायची परवानगी नेहमीपेक्षा उशिरा मिळाली. उशिरा उतरायला सुरुवात, म्हणून उंच राहिलं. उंच राहिलं म्हणून शेवटी खाली यायला घाई. कॅप्टन झोपेतून नुकताच जागा झालेला, हे सगळ्यांना पाठ आहे. रडार बंद होतं हे किती जणांना ठाऊक आहे?

औरंगाबाद, २६ एप्रिल १९९३. इंडियन एअरलाइन्सचं ७३७ पट्टी संपेपर्यंत नीट वर आलं नाही. पट्टीच्या पलीकडून बीड रस्ता जातो. त्यावर कापसाच्या गाठी भरलेला ट्रक. डावीकडची चाकं त्या गाठींना लागली, विमान तसंच पुढे गेलं आणि काही किलोमीटरवर विजेच्या तारांत अडकून पडलं. ११८ पैकी ५५ गेले. वैमानिकाने नाक उशिरा उचललं हे कारण झालंच, पण उड्डाणाच्या वेळी रस्ता अडवायला फाटक आणि माणूस का नव्हता, हेही चौकशीने विचारलं.

आल्तिनो

उत्तम प्रतिसाद. पण जुवारीपार बाब, तुम्ही तिन्ही उदाहरणांत वैमानिकाला अर्धी माफी देताय. मंगळूरला रडार बंद होतं, ठीक. तरीही सहवैमानिकाने तीनदा ‘गो-अराउंड’ म्हटलं, सिंक रेट (फार वेगाने खाली येताय) आणि पुल-अपचे (वर ओढा) इशारे वाजत राहिले. रडार नसताना रोज शेकडो विमानं उतरतात. उंच राहिलात तर एक फेरी मारा. त्याला खर्च किती? दहा मिनिटं आणि थोडं इंधन.

जुवारीपार

माफी कुणालाच नाही. नुसतं वैमानिकावर थांबलं तर पुढच्या वैमानिकासमोर तेच बंद रडार आणि तोच ट्रक राहतो, एवढंच माझं म्हणणं.

कुडचडेकर

आल्तिनो बाबांनी तीनदा म्हटलं ते धरून. सहवैमानिकाने दोनदा सांगून उत्तर आलं नाही, कृती झाली नाही, तर त्याने ‘आय हॅव कंट्रोल्स’ म्हणून ताबा घ्यायचा, ही पद्धत पुस्तकात आहे. मंगळूरला झालं नाही, दहा वर्षांनी कोझिकोडलाही नाही. का? एका बाजूला हजारो तासांचा कॅप्टन, दुसऱ्या बाजूला त्याच्या शिफारशीवर पुढची बढती असलेला तरुण. पुस्तकातलं वाक्य बोलायला सिम्युलेटरमध्ये मुद्दाम सराव लागतो : कॅप्टन ऐकत नाही असा प्रसंग घालायचा आणि सहवैमानिकाने खरोखर कंट्रोल हातात घेतले तरच पास करायचं. तोंडी विचारून उपयोग नाही.

मंगळूरच्या शेवटच्या सेकंदांत अजून एक मोडलेला नियम आहे. टेकल्यावर कॅप्टनने रिव्हर्स थ्रस्ट (वेग मारायला इंजिनाचा झोत पुढे वळवणं) लावला आणि लगेच विचार बदलून पुन्हा उडायचा प्रयत्न केला. रिव्हर्स लावला की गो-अराउंडचा दरवाजा बंद, हा पक्का नियम. रिव्हर्सर परत मिटायला, इंजिन पुन्हा जोर धरायला वेळ लागतो आणि तेवढी पट्टी उरलेली नसते. पूर्ण ब्रेक दाबून बसले असते तर विमान पक्क्या भागातच थांबलं असतं, असा तपासाचा हिशेब आहे. त्याऐवजी उजवा पंख पट्टीपलीकडच्या लोकलायझर अँटेनाच्या (विमानाला पट्टीची रेषा दाखवणारी) काँक्रीटच्या चौथऱ्यावर आदळला.

पेडण्याची_अबोली

तो चौथरा! पट्टीच्या रेषेत जे काही उभं करायचं ते धक्का लागताच मोडून पडेल असं असलं पाहिजे. काँक्रीटचा चौथरा त्या रेषेत नकोच. ही वैमानिकाची चूक नाही, बांधकामाची आहे.

पट्टीपलीकडची सुरक्षित जागा, रेसा, हीही तशीच. पट्टीनंतर ६० मीटरची स्ट्रिप, तिच्यापुढे किमान ९० मीटर रेसा, शिफारस २४० मीटरची. मंगळूरला ९० होती. पठारावर २४० करायची तर एकतर भराव घालायचा नाहीतर पट्टीची जाहीर लांबी कमी करायची. कोझिकोडला २,८६० मधून २,७०० जाहीर केली ती त्यासाठीच.

म्हापशेकर

सगळं लँडिंगवरच चाललंय. यंत्र फसवतं तेव्हा काय?

१ जानेवारी १९७८, एअर इंडियाचं ‘एम्परर अशोक’ ७४७, सांताक्रूझहून दुबईला. रात्र, पश्चिमेला उड्डाण, म्हणजे समोर नुसता काळा समुद्र, क्षितिज नाही. वळण घेऊन सरळ झाल्यावर कॅप्टनच्या समोरचं कृत्रिम क्षितिज (एडीआय) उजवीकडे झुकलेलंच दाखवत राहिलं. विमान मात्र सरळ होतं. कॅप्टनने यंत्रावर विश्वास ठेवून डावीकडे झुकवलं. यंत्र हललं नाही, म्हणून आणखी डावीकडे. विमान ९० अंशांच्या पलीकडे कललं आणि वांद्र्यासमोर समुद्रात गेलं. २१३ जण. पट्टी सोडल्यापासून शंभरेक सेकंदांत सगळं संपलं.

कॉकपिटमध्ये तीन एडीआय होते. फ्लाइट इंजिनिअरने शेवटी दुसऱ्या यंत्राकडे लक्ष वेधायचा प्रयत्न केला. दोन यंत्रं भांडली की तिसऱ्याकडे बघायचं, आणि होकायंत्राचा काटा बघायचा : विमान खरंच झुकलं असेल तर दिशा बदलत असणारच. आता यंत्रं एकमेकांशी न जुळली तर आपोआप इशारा येतो. रात्री समुद्रावरून उडताना कानातला तोल विश्वासाचा नसतो, हे आपल्या दाबोळीहून पश्चिमेला निघणाऱ्या प्रत्येक विमानाला लागू आहे.

नॉट_आणि_फूट

म्हापशेकर, सुरेख लिहिलंत. त्याला जोड बंगळूरची. १४ फेब्रुवारी १९९०, इंडियन एअरलाइन्सचं नवंकोरं ए-३२०, १४६ पैकी ९२ मृत्यू. पॅनेलवर शेजारी-शेजारी दोन गोल नॉब : एक उंचीचा, एक खाली येण्याच्या दराचा. मिनिटाला ७०० फुटांचा दर द्यायचा होता, बहुधा उंचीच्या नॉबवर ७०० फूट दिले गेले, असा तपासाचा निष्कर्ष. विमान ‘आयडल ओपन डिसेंट’मध्ये गेलं, म्हणजे इंजिनं आयडलवर (सगळ्यात कमी जोरावर) आणि विमान घसरत खाली. वेग १३२ नॉट हवा, तो १०६ पर्यंत उतरला. कळलं तेव्हा पूर्ण जोर मागितला, पण आयडलवरून जेट इंजिनाला जोर धरायला ५ ते ८ सेकंद लागतात. विमान गोल्फ मैदानावर टेकलं, उसळलं आणि बांधाला धडकलं.

म्हणून आज शेवटच्या १,००० फुटांच्या आत वेग, उतरण्याचा दर (मिनिटाला १,००० फुटांच्या आत), फ्लॅप-चाकं आणि इंजिनाचा जोर हे चारही जागेवर हवे. इंजिनं आयडलवर असली तर बाकी सगळं जुळलं तरी अप्रोच अस्थिर.

सांगेकर

पाटणा, १७ जुलै २००० हेही यातलंच ना? उंच आले, एक फेरी मागितली, वळताना वेग गेला.

नॉट_आणि_फूट

होय. स्टिक शेकर (वेग फार कमी झाला की हातातला दांडा हलवून इशारा देणारं यंत्र) हलायला लागल्यावर नाक खाली करून वेग मिळवायचा होता, त्याऐवजी गो-अराउंडची कृती सुरू केली. स्टॉलमधून (वेग गेल्याने पंखांची उचल जाते त्यातून) सुटणं आणि गो-अराउंड या दोन वेगळ्या कृती. पहिलीत नाक खाली, दुसरीत वर. एकूण ६० मृत्यू, त्यातले पाच जमिनीवरचे.

तिस्क_फोंडा

आपल्या दाबोळीचंही लिहूया.

१ ऑक्टोबर २००२ : नौदलाची दोन आयएल-३८ विमानं, त्यांच्या स्क्वाड्रनच्या रौप्यमहोत्सवी संचलनात जवळजवळ उडताना हवेत धडकली. विमानांतले १२ जण आणि जमिनीवरचेही काही गेले. संचलनात दोन विमानांतलं अंतर हेच एकमेव संरक्षण, टीकॅस वगैरे तिथे कामाचं नाही.

२७ डिसेंबर २०१६ : मुंबईला निघालेलं जेट एअरवेजचं ७३७, १६१ जण, पहाटेच्या अंधारात उड्डाणाची धाव सुरू होताच पट्टी सोडून बाहेर आणि गिरकी. मरण कुणालाच आलं नाही, काही जखमी. ७३७ वर पद्धत अशी की थ्रॉटल आधी साधारण ४० टक्के एन-१ (इंजिनाच्या पंख्याचा वेग) पर्यंत न्यायचा, दोन्ही इंजिनं सारखी स्थिर झाली हे बघायचं, मगच टोगाचं, म्हणजे उड्डाणाचा पूर्ण जोर देणारं, बटण. इंजिनं स्थिर व्हायच्या आधी टोगा दाबलं तर एक इंजिन पुढे धावतं, दुसरं मागे राहतं. कमी वेगात रडरला हवा धरत नाही, नाकाचं चाक घसरतं, आणि विमान वळतंच. दोन-तीन सेकंद थांबायचं होतं.

१६ नोव्हेंबर २०१९ : मिग-२९के, वेर्णा. पक्ष्यांचा थवा लागला, एक इंजिन बंद पडलं, दुसऱ्याला आग. दोघांनीही विमान वस्तीपासून दूर वळवून मग उडी घेतली.

आल्तिनो

आणि दाबोळीच्या पट्टीवर भटका कुत्रा आल्यामुळे बंगळूरहून आलेलं विमान न उतरता परत गेलं, ते २०२३ साली. सकाळी साडेआठ ते एक नौदलाच्या सरावाची वेळ, मागून प्रवासी विमानांची गर्दी, त्यात कुत्रा.

अवांतर : याच पट्टीवर डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय कॅनबेरांनी बाँब टाकले, आणि त्याच रात्री खड्डे बुजवून पोर्तुगीजांची दोन विमानं कराचीला निसटली. पट्टीचा इतिहास सोपा नाही.

पेडण्याची_अबोली

पक्ष्यांवर थोडं, कारण त्यात आपला सगळ्यांचा हात आहे.

विमानतळाच्या मध्यबिंदूपासून १० किलोमीटरच्या आत उघड्यावर कत्तल आणि कचरा टाकणं कायद्याने बंद आहे (विमान नियम, १९३७, नियम ९१). त्या वर्तुळात दाबोळीभोवती अख्खं वास्को येतं. उघड्यावर टाकलेली मासळीची घाण आणि चिकन दुकानांची पिसं-आतडी यांवर घारी येतात. घार वजनाला अर्धा किलोच्या वर, आणि ती गरम हवेत नेमकी विमान चढतं-उतरतं त्या उंचीवर घिरट्या घालते.

पट्टीवरचा दुसरा पक्षी टिटवी. पहिल्या पावसानंतर गांडुळं-किडे वर येतात, गवतात टिटव्या आणि गायबगळे भरतात. उपाय कंटाळवाणे पण ठरलेले : गवताची उंची एकसारखी ठेवा, पाणी साचू देऊ नका, गॅसच्या तोफा रोज जागा बदलून वाजवा (एकाच जागी वाजल्या तर पक्ष्यांना सवय होते), प्रत्येक धडकेची नोंद करा, पिसं जपून कुठला पक्षी ते ओळखा. घार असेल तर कचरा उचला, टिटवी असेल तर गवत बघा. पक्षी कुठला ते न ओळखता केलेला खर्च वाया.

कुडचडेकर

थकव्याचा मुद्दा राहिला. मंगळूरच्या रेकॉर्डरवर कॅप्टनच्या घोरण्याचा आवाज पहिली १ तास ४० मिनिटं अधूनमधून आहे. गाढ झोपेतून उठल्यावर मेंदू काही वेळ जड राहतो, निर्णय उशिरा येतात आणि एकदा ठरवलेलं बदलवत नाही. पहाटे २ ते ६ हा शरीराचा सगळ्यात मंद काळ. डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतुकीचं नियामक खातं) नव्या नियमांत आठवड्याची सलग विश्रांती ३६ वरून ४८ तास केली, रात्रीची व्याख्या सकाळी ६ पर्यंत वाढवली, रात्रीची लँडिंग ६ वरून २ वर आणली. डिसेंबर २०२५ मध्ये उड्डाणं मोठ्या संख्येने रद्द झाल्यावर त्यात तात्पुरत्या सवलती दिल्या गेल्या. उड्डाणं रद्द झाली म्हणून झोपेचे नियम सैल करणं मला अजिबात पटलेलं नाही. माणसं वाढवायला वेळ दिला होता.

म्हापशेकर

अहमदाबादबद्दल जाहीर झालेलं एवढंच : १२ जून २०२५, एअर इंडियाचं एआय-१७१, विमानातले २४१ आणि जमिनीवरचे १९ मृत्यू, एक प्रवासी वाचला. प्राथमिक अहवालानुसार उड्डाणानंतर लगेच दोन्ही इंजिनांचे इंधन स्विच एका सेकंदाच्या अंतराने ‘कटऑफ’वर गेले, दहा सेकंदांनी पहिला आणि मग दुसरा परत ‘रन’वर आला, इंजिनं पुन्हा पेटायला लागली पण उंची उरली नव्हती. एका वैमानिकाने दुसऱ्याला का बंद केलं असं विचारलं, दुसऱ्याने मी नाही केलं म्हटलं. स्विच कसे हलले याचं उत्तर प्राथमिक अहवालात नाही. म्हणून चर्चा इथेच थांबवावी.

वास्कोकर

सगळ्यांचे आभार, धागा फार मोलाचा झाला. अहवाल वाचायला नव्याने सुरुवात करणाऱ्याने कुठून करावी? आणि पहिल्या प्रश्नावर एक : मोपाची विमानं पावसाळ्यात दाबोळीला वळवतात ते कशामुळे, मोपाची पट्टी तर नवी आहे?

धावपट्टी२६

अहवाल : आधी फ्लाइट डेटा रेकॉर्डरचा सेकंदागणिक तक्ता वाचा, मग कॉकपिटमधलं संभाषण त्याच्या शेजारी ठेवा. निष्कर्ष सगळ्यात शेवटी. शिफारशींचं पान मात्र सोडू नका. मंगळूरनंतर केलेल्या शिफारशी कोझिकोडच्या अहवालाशी ताडून बघा, कुठली पुढे सरकली आणि कुठली राहिली ते दिसेल.

मोपाचं कारण ढगांत आहे. पावसाळी ढगांचा तळ समुद्रसपाटीपासून समजा २३० मीटरवर आहे. दाबोळीचं पठार साठेक मीटर उंच, म्हणजे पट्टीवरून ढग १७० मीटर, साडेपाचशे फूट वर. मोपाचं पठार दीडशे मीटरच्या वर, म्हणजे तोच ढग तिथे पट्टीपासून दोन-अडीचशे फुटांवर. साध्या आयएलएसवर (पट्टीची वाट दाखवणारी रेडिओ यंत्रणा, कॅट-१ दर्जाची) वैमानिकाला २०० फुटांवर पट्टी किंवा तिचे दिवे दिसलेच पाहिजेत, आणि पट्टीवरची दृश्यता ५५० मीटर हवी. ढग थोडा खाली आला की मोपा बंद, दाबोळी चालू. पट्टी नवी आहे की जुनी याचा यात संबंध नाही.

त्यामुळे मोपावर फेऱ्या मारून विमान दाबोळीला, हैदराबादला किंवा बंगळूरला नेलं तर काउंटरवर जाऊन भांडू नका. त्या कॅप्टनने कंपनीचं इंधन आणि तुमचे चार तास घालवले, आणि नेमकं तेच मंगळूरला आणि कोझिकोडला व्हायला हवं होतं.

वास्कोकर

हैदराबादला नेलं तर बसने परत यायचे पैसे कोण देतं?

आल्तिनो

हवामानामुळे वळवलं तर कंपनी सहसा विमान त्याच दिवशी परत आणते, ढग उचलला की. मधेच उतरून बसने निघालात तर पुढची जबाबदारी तुमची, म्हणून आधी काउंटरवर विचारा. सामान पोटात असेल तर ते काढून घ्यायला वेगळा वेळ लागतो.